पुतळ्याच्या पायाशी फिशपॉन्ड

९ सप्टेंबर, मंगळवार

फिशपॉन्ड रद्द! जगन्नाथकाकांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये एका वाक्यात निकाल लावला. "मागच्या वर्षी एक जण रडली. दिवाळीच्या प्रोग्रॅमला नो फिशपॉन्ड." अध्यक्ष झाले म्हणून काय!

गेली सहा वर्षं फिशपॉन्ड मी वाचते. लोकांनी निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, मी स्टेजवरून वाचायच्या, आणि ज्याच्यावर असेल त्याने हसत उभं राहायचं. कॉलेजच्या गॅदरिंगपासून चालत आलेली रीत. इथे परदेशात मला एवढं एकच तर येतं.

राजीवला सांगितलं. "हं," म्हणाला. नवरा आहे की भिंत!

११ सप्टेंबर, गुरुवार

केलं एकदाचं! लायब्ररीसमोरच्या पुतळ्याच्या पायाशी चिठ्ठी लावून आले.

हा पुतळा म्हणजे गावातल्या जुन्या गिरणीचा मालक. हातात हॅट, खांद्यावर कबुतरांची कृपा. तो जिवंत असताना कामगारांना तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून तो मेल्यावर ते त्याच्या पुतळ्यालाच चिठ्ठ्या चिकटवायला लागले, असं लायब्ररीतल्या बाई सांगतात. अजूनही लोक पार्किंग, तोडलेली झाडं, मेयर – सगळ्यांची टिंगल तिथेच करतात. सही करायची नाही, एवढाच नियम. मग मराठीनेच काय घोडं मारलंय?

दोनच मिनिटं बोलतो म्हणत काकांनी घेतला माइक,
पुतळ्यालाही पाय फुटले, शोधू लागला बाइक!

प्रिंट काढून लावली. अक्षर ओळखायला नको.

१४ सप्टेंबर, रविवार

ग्रुपवर फोटोच फोटो. जगन्नाथकाकांनी स्वतःच हसण्याच्या सहा इमोजी टाकल्या! आणि माझ्या चिठ्ठीशेजारी ही दुसरी –

पुरणपोळी घरचीच हो, नीनाताई सांगतात,
दुकानाची लेबलं मात्र डब्यालाच लोंबतात!

ही माझी नाही. मी एकच लावली होती, देवाशप्पथ! मग कोणाची? खूश व्हावं की घाबरावं, तेच कळत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी मंडळातले पंधरा-वीस जण पुतळ्यापाशी जमलो. तिसरी चिठ्ठी लागली होती. "सुमेधा, तूच वाच!" नीना ओरडली. ती स्वतःवरची चिठ्ठी केव्हाच विसरलीये, बरी आहे बिचारी. मी राजीवच्या हातात पर्स दिली, पायरीवर चढले आणि अगदी स्टेजवरच्या थाटात वाचली –

बॅग घेऊन, डबा घेऊन साहेब निघाले कामाला,
बाकावरती दिवस काढतात, सांगू नका मॅडमला!

हशा पिकला. 'मॅडमला'वर मी असा काही हेल काढला की वन्स मोअर मिळाला. पुन्हा वाचली.

मग एकेकाला अर्थ लागत गेला. आमच्यातली निम्मी घरं नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली की हातात साठ दिवस. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर घर, मुलांच्या शाळा, सगळं गुंडाळून परत. कोणाच्या घरात चाललंय हे? जी ती दुसरीच्या नवऱ्याकडे बघत होती.

२१ सप्टेंबर, रविवार

डोक्यात तेच. नीनाचा फोन. "गेस कर ना यार, कोण असेल?" मी म्हणून गेले – मंडळातल्या त्या निधीचा नवरा, देव, असेल. तोंड उतरलेलं असतं, कोणात मिसळत नाही. नुसता अंदाज!

राजीवने ऐकलं. "उगाच कोणाचं नाव घेऊ नकोस. नीनाला परत फोन कर आणि सांग, तो नाहीये." एवढं तो महिनाभरात बोलला नव्हता. तुला काय माहीत, म्हटलं. तर उठून बागेत गेला. फोन मी केला नाही. उद्या करीन.

२४ सप्टेंबर, बुधवार

निधी आली ती रडतच. नीनाने पाच जणींना सांगितलं, त्या पाच जणींनी आणखी कोणाकोणाला. "सुमेधाताई, देवचा जॉब आहे! आय हॅड टू शो पीपल हिज बॅज! सासूबाईंचा पुण्याहून फोन आला, म्हणे आमच्यापासून काय लपवताय?"

चार दिवसांत पुण्याला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडले. तिने चहाला हात लावला नाही.

पण मग तो कोण? आणि लिहिणारा त्याची टिंगल करतोय की त्याचा कळवळा येऊन लिहितोय? मॅडमला कळू द्यायचं नसेल तर भर चौकात लावायचं कशाला? कळू द्यायचं असेल तर सरळ फोन करावा की! आणि ती मॅडम, तिला नवऱ्याच्या तोंडाकडे बघून काहीच दिसत नाही? मला काही म्हणजे काही उमजत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

निधीने ग्रुप सोडला. काहीच लिहावंसं वाटत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

राजीवला म्हटलं, चल, निधी-देवकडे जाऊन पुन्हा माफी मागू. आणि तो जो कोणी आहे त्याला शोधू, काहीतरी मदत करू. तो बूट घालत होता. एकच घातला आणि तसाच बसून राहिला.

"मी आहे तो," म्हणाला.

आठ ऑगस्टपासून. ती तिसरी चिठ्ठीही त्यानेच लावली. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता.

"तूच वाचणार हे माहीत होतं. वाटलं, वाचता वाचता थांबशील."

साठातले नऊ दिवस उरलेत.