कंडक्टरबाईंजवळचं स्टूल

३ जून

ती. आत्यास,
लांबूनच, पण पुरतं वाकून नमस्कार.

आमच्या सुईणपणाच्या अभ्यासात यंदा नवीन पद्धत आली आहे. प्रत्येकीने एका गरोदर बाईला पहिल्या तपासणीपासून बाळ घरी रुळेपर्यंत साथ द्यायची. माझ्या वाट्याला एक बसकंडक्टर बाई आल्या; गेले सहा महिने त्यांच्याबरोबर आहे, आता दिवस भरत आलेत. तपासणीच्या रांगेतही सगळ्यांना पुढे सरकायला लावतात.

त्यांचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. तेव्हापासून दवाखान्यात दिसणारा प्रत्येक नवा चेहरा विचारतो, पहिलं मूल केवढं आहे? आणि त्यांना प्रत्येकाला सांगत बसावं लागतं. मी त्यांना शब्द दिला, या वेळी तुम्हाला एकदाही सांगावं लागणार नाही, मी असेन. मग मोठ्या सिस्टरांनी ऐकवलं की दोन वाजता विद्यार्थिनीची ड्युटी संपते, बाळ येवो न येवो. आता गं?

लोभ आहेच, तो वाढला तर मी अडवणार नाही.
तुझी भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस,
मशीनवर बसूनच आशीर्वाद.

शेजारणींपुढे तुला घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवते, आणि तू न विचारता शब्द देऊन मोकळी! दिलास ते चांगलंच केलंस म्हणा. माप एकीने घेतलं आणि कापड दुसरीने बेतलं, की ब्लाउज काखेत काचतोच.

पण रुसून बसू नकोस. बाईंचा नवरा सुई बघूनच पांढरा पडतो, असं तू फोनवर म्हणाली होतीस. मग बाळंतपणाच्या खोलीत एका नातेवाइकाला बसू देतात, ती जागा रिकामीच ना? ड्युटी संपल्यावर तू कोण, ते त्या बाईंना ठरवू दे. मोठ्या सिस्टरांना मात्र आधी विचार, गनिमी कावा नको. आणि तिथे गप्प बसायचंय, जमेल का तुला?

माया आहे तेवढी पाठवली आहे.
आत्या

२१ जून

ती. आत्यास,
आज दोनदा नमस्कार, एक कंडक्टरबाईंकडून.

काल कंडक्टरबाईंच्या कळा सुरू होत्या, तरी दोन वाजता मोठ्या सिस्टरांनी मला बाहेर काढलं. तू म्हणालीस तसं बाईंना आणि सिस्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं; मी गणवेश उतरवला, साधा ड्रेस घातला आणि बाईंच्या नवऱ्याचा नातेवाइकाचा पास घेऊन परत आले. ते बिचारे सुटल्यासारखे कॅन्टीनकडे पळाले. मोठ्या सिस्टर पास बघून एवढंच म्हणाल्या, "कशाला हात लावलास तर याद राख." स्टुलावर बसून माझे हात नुसते शिवशिवत होते. कंडक्टरबाईंनी त्यातला एक धरून ठेवला, म्हणून बरं.

नव्या पाळीच्या सिस्टर पडद्याजवळ आल्या, तेव्हा मीच उठून हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि आत येऊन पाणी हवंय का, एवढंच विचारलं. चहाच्या सुमारास मुलगा झाला. दणकट आहे, आवाज थेट आईचा.

मग चादर बदलायला आलेल्या मावशींनी कौतुकाने विचारलं, पहिलंच का? मी घाईने तोंड उघडलं, तर कंडक्टरबाईंनी माझा हात दाबून मला थांबवलं. बाळाच्या डोक्यावरून बोट फिरवत त्या मावशींना म्हणाल्या, "दुसरा. पहिली मुलगी होती. तिचंही जावळ असंच दाट होतं."

मावशी चादर तशीच हातात धरून त्यांच्याजवळ सरकल्या. मी त्यांना माझं स्टूल दिलं.

पुढचं भेटीत. तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी