मोडलेल्या बरगडीचा वाटा

रविवार, ९ नोव्हेंबर

मी उठू शकलो असतो!

हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलायची सोय राहिलेली नाही. काल म्हापशात बॉक्सिंगची लढत, पाचवी फेरी. समोर हरियाणाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याचा डावा ठोसा माझ्या उजव्या कुशीत बसला आणि मी गुडघ्यावर आलो. श्वास अडकला. रेफ्री मोजायला लागला. चार-पाचपर्यंत काही सुचत नव्हतं, ते खरं. पण सहाला सगळं लख्ख होतं. त्याची बोटं दिसत होती. पहिल्या रांगेत एकजण ऑम्लेट-पाव खात होता तोसुद्धा दिसत होता. पाय तयार होते. आणि मी मनात म्हटलं — राहू दे. पुरे झालं.

दहा.

माझे कोच मुनव्वर सर रिंगमध्ये धावत आले. "बरगडी गेली काय रे?" मी 'हो' अशी मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही, नुसती मान हलवली! तिथल्या डॉक्टरने दाबून बघितलं, मी ओरडलो. "असेल. एक्स-रे काढून घ्या," म्हणाला आणि पुढच्या लढतीकडे वळला.

आज सकाळी येताना इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली. गोव्याहून आलेल्या गाडीत बाटल्या शोधतात ते. सर म्हणाले, "बॉक्सर आसा. बरगडी मोडली तेची." पोलिसाने मला सलाम ठोकला. डिकीसुद्धा उघडली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

फ्लाव्हियाने छातीभोवती पट्टी आवळली. म्हणाली, "कणकवलीक जाऊन एक्स-रे काढूया." मी म्हटलं, बरगडीला प्लास्टर घालत नाहीत, फोटो काढून काय उपयोग? बायको शाळेत शिकवते, तरी तिला ते पटलं. खरं कारण वेगळं. फोटोत हाड धडधाकट दिसलं की माझं सोंग उघडं पडेल.

दुखतं तसं. पण दुखण्याचं काय सांगायचं? पंधरा वर्षं कुठे ना कुठे दुखतंच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हसलो की कळ येते असं सांगून ठेवलंय. त्यामुळे घरात कुणी गंमत करत नाही. पप्पासुद्धा गप्प गप्प. नाहीतर एरवी मला हाक मारतात ती 'सुक्या बांगड्या' म्हणूनच. एक्कावन्न किलोचा मुलगा म्हणजे त्यांना सुकाच बांगडा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सत्यवानकाका स्वतः आले. आमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या सगळ्यांचे मुख्य. त्यांचा शब्द तिथे शेवटचा. हातात पिशवी, पिशवीत बांगडे आणि चार सौंदाळे.

"क्लेटन, घे रे. तुजो वाटो."

विसरलोच होतो! रापणीतला माणूस आजारी पडला, लागून पडला, तर त्याचा वाटा घरपोच येतो. पूर्ण वाटा, कमी नाही. मी लढतीच्या तयारीत नसेन तेव्हा जाळ्याच्या दोराला असतो, म्हणून माझंही नाव आहे. पण याची दुसरी बाजूही लहानपणापासून बघितलीय. रापणीतला शिवा एकदा कंबरेचं निमित्त करून घरी बसला आणि बाजारात गोणी उचलताना सापडला. त्या हंगामात त्याला कुणी दोराला हात लावू दिला नाही. तो यायचा आणि माडाखाली बसून बघत राहायचा.

मी पिशवी घेतली. "देव बरें करूं" म्हटलं. फ्लाव्हियाने बांगड्यांचं तिखलं केलं. दोनदा भात घेतला. क्लेटन मेल्या, जेवलास कसा?

शनिवार, १५ नोव्हेंबर

पप्पा दोराला गेले! गुडघ्यामुळे दोन वर्षांपूर्वी रापण सोडलेला माणूस. मी अडवलं. म्हणाले, "पोराचो वाटो घरात येता, मगे दोराक माणूस नको?"

तसा नियम नाही. आजारी माणसाच्या जागी कुणी यावं असं कुणी म्हणत नाही. पण माझा बाप बाबुश परेरा फुकटचं खाणार नाही! मी ओट्यावरून बघत होतो. सगळ्यात मागे, पाण्यात पोटऱ्यांपर्यंत, पाठ वाकवून एक एक पाऊल मागे येत होते. मी आत जाऊन टीव्ही लावला.

रविवार, १६ नोव्हेंबर

फादरनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. अख्खं चर्च माझ्या बरगडीसाठी गुडघ्यावर!

बुधवार, १९ नोव्हेंबर

सरांचा फोन. जानेवारीत पुण्याला लढत मिळतेय. "सगळ्यांका सांगलंय, मोडलेल्या बरगडीन पाचवी फेरी खेळलो माजो पोरगो!" आवाज नुसता फुलला होता. सहा जिंकलो, पाच हरलो, आणि त्यांना अभिमान वाटतोय तो या हरण्याचा.

चौदा वर्षांचा होतो तेव्हा त्यांच्या बर्फाच्या गोदामात शिकायला लागलो. हातमोजे एकच जोड, आळीपाळीने घालायचो. त्यांनी मला खूप काही शिकवलं, पण एक गोष्ट रोज सांगायचे — पडलास तर लाज नाही, उठायच्या आधी हिशेब करू नको. मी सहाला हिशेब केला. वय, डोळ्याखालची सूज, पुढच्या तीन फेऱ्या. सगळा हिशेब केला आणि तिथेच बसून राहिलो.

फोनवर सांगायला तोंड उघडलं होतं. "सर —" म्हटलं. ते म्हणाले, "बोलू नको जास्त, श्वास लागता तुका."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पप्पांचे तळवे सोलवटलेत. जेवताना भात कालवता येईना, चमचा मागितला. आणि तरी खूश! फ्लाव्हियाला दाखवत होते, "हात बघ गो, आजून जिते आसत." खोबरेल चोळून घेतलं. मला म्हणाले, तू बरा होईपर्यंत मी सांभाळतो, घाई करू नको.

मला माझीच शिसारी आली. सोमवारी जातो. काय व्हायचं ते होऊ दे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गेलो. जाळं टाकून झालं होतं, दोन्हीकडून दोर ओढणं सुरू होतं. पप्पांच्या पुढे शिरलो आणि दोर धरला. सत्यवानकाका ओरडले, "अरे, बरगडी?"

"बरगडी मोडूक नाय, काका. खोटा सांगलंय मी. म्हापशात माका उठाक येय होता. उठलंय नाय."

इतक्या मोठ्याने बोललो की पलीकडच्या दोरावरच्यांनाही ऐकू गेलं असेल. मी दोर टाकून निघायला वळलो.

"दोर सोडू नको," काका म्हणाले. "आदी जाळा भायर येव दे."

अर्ध्यावर आलेलं जाळं सोडता येत नाही, मग ओढणारा चोर का असेना. तासभर ओढलं. राग काढायलाही कुणाला हात मोकळा नव्हता. उजव्या कुशीत प्रत्येक पावलाला सुरी फिरत होती. म्हटलं, फिरू दे, तेवढीच शिक्षा. पप्पांचा श्वास मानेवर लागत होता.

मग वाटे पडले. माझा नव्हता. पप्पांचा होता, त्यांनी तो तसाच वाळूत ठेवला आणि माझ्याकडे न बघता घरी चालू लागले. मी शिवाच्या माडाखाली बसलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सरांना फोनवर सांगितलं. नुसतं "बरा" म्हणाले. फोन ठेवला.

फ्लाव्हिया म्हणाली, "माका तरी सांगूचा होता." रडली नाही, रागावली नाही. पट्टीची घडी घालून कपाटात ठेवली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पप्पा अजून बोलत नाहीत. जेवताना पाठ करून बसतात.

सोमवारपासून श्वास पुरता घेता येत नाही. खोकलो की डोळ्यांपुढे अंधारी. कुणाला सांगणार? आता मी 'दुखतं' म्हटलं तर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही! पण फ्लाव्हियाने बघितलं असावं. तिने सरांना फोन केला, आणि सर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंगळवारी कणकवलीक चल. तुज्यासाठी नाय, माज्या समाधानाक." पुण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. पुन्हा रिंगमध्ये उभं राहायला मला तोंड नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

बरगडी मोडली होती. एक नव्हे, दोन. डॉक्टरने फिल्मवर बोट ठेवून दाखवलं — हाड जुळायला लागलंय, तीनेक आठवड्यांपूर्वीचं आहे, दोराने झालेलं नाही. म्हापशाचंच.

सर दवाखान्यातच रडले. पप्पा ती फिल्म उन्हाला धरून अख्ख्या रापणीला दाखवून आले. संध्याकाळी सत्यवानकाका पाटी भरून बांगडे घेऊन दारात. "चुकी झाली रे आमची."

मी म्हटलं, "काका, माका ता म्हायत नव्हता. माका वाटलेला, उठाक येता."

"आयकलास?" पप्पा म्हणाले. किती दिवसांनी हसले! "सुको बांगडो आजून आपल्याकच दोष देता."

सगळे हसले. मीही हसलो, खरंच कळ आली. सहाला पाय तयार होते, हे आता कुणाला सांगू?