छतावरचा आवाज

प्रिय डीना,

तुझी आई बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण कुठलंही पत्र आलं की तू आधी शेवट वाचतेस, ही तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस. ओळीने वाच. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मला एक सांगायला घेतलं की चार भलत्याच गोष्टी आठवतात, तेव्हा थोडा धीर धर. आज शुक्रवार आहे. आई आपल्या राहत्या गाडीत, चाकांवरच्या घरात झोपली आहे आणि मी शेजारी ओपलच्या टेबलाशी बसून लिहितोय, कारण आईसमोर हे पत्र लिहिता येणार नाही. खिडकीतून आपलं दार दिसतं. दर दोन ओळींनी मी तिकडे बघतो.

ओपल तुझ्याशी फोनवर एकदा बोलली होती. तीस वर्षं शाळेची बस चालवून आता ट्रेलरमध्ये एकटी राहते ती. हिवाळ्यात या पार्कात मुक्कामाला अशा दोनशे गाड्या असतात, उन्हाळ्याच्या भीतीने एप्रिलात सगळे उत्तरेकडे पळतात. आता एकवीस उरल्यात. ज्यांना जायला जागा नाही किंवा ज्यांची गाडी हलत नाही, असे आम्ही. आम्हीही मार्चमध्ये निघणार होतो, पण आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जूनपर्यंत प्रवास नको म्हटलं. जूनमध्ये मी वर डोंगरातल्या तीन पार्कांना फोन केले. तिघांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, गाडी कुठल्या सालची? मी चौऱ्याण्णव म्हटलं की पलीकडून नकार. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत, बाकीच्या चकचकीत गाड्यांत ती डोळ्यांना खुपते म्हणून. ओपल म्हणाली, “अरे, शंभर वर्षांची आहे म्हणून सांग. पुराणवस्तू म्हणून घेतील. तुलाही शेजारी काचेच्या पेटीत ठेवतील.” आई इतकी हसली की खुबा धरून बसली.

तुझ्या घरी आमच्यासाठी खोली होती, हे मी विसरलेलो नाही. नाताळात तू ती दाखवलीस, नवा पडदा लावला होतास. जेवताना केंट एवढंच म्हणाला, “या वयात गाडीत राहणं आता पुरे झालं, डॅड.” वाईट काही बोलला नव्हता. मीच काटा आपटला आणि म्हणालो की जावयाच्या तळघरात झोपायची वेळ अजून आलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आई दोनशे मैल खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “पडदा छान होता.”

आता एसीचं. आपल्या गाडीचा एसी छतावर आहे आणि गाडीइतकाच जुना आहे. तो सुरू कसा होतो ते मला झोपेतही कळतं. आधी पंखा. मग तीन-चार सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग वरून दण् असा धक्का बसतो, दिवे क्षणभर मंद होतात आणि गार हवा येते. तो धक्का म्हणजे कॉम्प्रेसर उठला. या जूनच्या अखेरीपासून धक्का कधी यायचा, कधी नाही. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालतात, विजेचा दाब उतरतो आणि आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्रेसरला उठवत नाही. मी ओट्याजवळच्या प्लगमध्ये दाब दाखवणारं छोटं यंत्र लावलं. एकशे वीस व्होल्ट हवेत. एकशे आठ झाले की मी फ्रिज बंद करायचो, एकशे चार झाले की दिवे. दिवसभर त्या आकड्यासमोर बसून असायचो. आई म्हणायची, “लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतंस, लाइल.” बाहेर पारा एकशे चौदा फॅरनहाइटवर असायचा. तुला गोवर आला होता तेव्हा एकशे तीन ताप होता आणि तू भिंतीवर घोडे दिसतात म्हणत होतीस. इथे हवाच एकशे चौदा.

दर रविवारी चार वाजता तुझा फोन येतो. तू विचारतेस, “एसी चालू आहे ना?” मी फोन वर छताकडे धरतो आणि म्हणतो, “ऐक तूच.” तू म्हणतेस, “हो, आला ऐकू.” आई मागून ओरडते, “तुझ्या बापाने मला माशासारखं बर्फात ठेवलंय.” मग तू हसतेस.

मंगळवारी सकाळी धक्का चार वेळा चुकला. कॉम्प्रेसरला उठवणारा कपॅसिटर गेला, हे मी ओळखलं. गावात मिळतो, तेवीस मैल. दहा वाजता पाचव्या खेपेला कॉम्प्रेसर उठला, गार हवा यायला लागली, तेव्हा निघायचं ठरवलं. आईला सोबत नेता येईना, आपल्या ट्रकच्या पायरीवर तिला चढवत नाही. ओपलच्या ट्रेलरला तर तीन पायऱ्या आहेत. इथली रीत अशी की कुणी बाहेर गेलं आणि आत कुत्रं किंवा माणूस असलं, की शेजाऱ्याने कान द्यायचा. छतावरचा आवाज थांबला तर दार ठोठावायचं. मी ओपलला सांगितलं. ती म्हणाली, “जा रे बाबा. चाळीस पोरांच्या गोंगाटात कोण रडतंय ते मला कळायचं. तुझा डबा बंद पडला तर कळणार नाही?”

पहिल्या दुकानात कपॅसिटर नव्हता. दुसऱ्यात माणूस जेवायला गेला होता. मी दारात उभा राहिलो, घड्याळ बघत, पुन्हा पुन्हा. फोन करावा असं दोनदा मनात आलं. आई झोपली असेल, उठायला जाईल, पडेल, म्हणून केला नाही. परत आलो तेव्हा पावणेएक वाजला होता. ट्रक बंद केला आणि पहिल्यांदा वरचा आवाज ऐकला. चालू होता. ओपल दारात आली, तिने हात वर करून सगळं ठीक अशी खूण केली. मी दार उघडलं.

डीना, भट्टीचं दार उघडल्यासारखी आतली हवा तोंडावर आली. वरचा पंखा जोरात फिरत होता आणि तीच तापलेली हवा ढवळत होता. कॉम्प्रेसर केव्हाच बसला होता. आतल्या तापमापकाचा काटा एकशे सातवर. आणि तुझी आई पलंगावर तो तपकिरी स्वेटर घालून बसली होती, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून. मला म्हणाली, “दार लाव लाइल, गारवा जातोय सगळा.” मी तिचा हात धरला. कोरडा होता, घामाचा टिपूस नाही. मग तिने विचारलं, “डीनाची बस आली का? पोरीने कोट नेलेला नाही.”

मी तिथे उभाच राहिलो. ओपल माझ्या मागून आत आली, तिने मला बाजूला ढकललं, चादर नळाखाली धरली, आईभोवती गुंडाळली आणि म्हणाली, “पाय धर. पाय धर म्हणते ना.” आम्ही तिला ओपलच्या कारमध्ये नेलं, कारचा एसी पूर्ण सोडला. हॉस्पिटल येईपर्यंत ओपल एकच वाक्य बोलत होती, “आवाज चालू होता रे. मी कान देऊन बसले होते. आवाज चालू होता.” तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “यांच्याजवळ कोण होतं?” ओपल म्हणाली, “मी होते.” नुसता पंखा चालू राहू शकतो हे मला माहीत होतं, ओपलला नव्हतं, आणि निघताना मी तिला ते सांगितलं नव्हतं. तरी मी तिला तो दोष स्वतःवर घेऊ दिला.

आईला दोन रात्री ठेवून घेतलं. आता ती जेवते, मला टोमणे मारते, तारीख बरोबर सांगते. फक्त तुझा कोट अधूनमधून शोधते. मला तिने शपथ घातली आहे की डीनाला यातलं काही कळवायचं नाही, पोरगी घाबरेल, केंट म्हणेल बघा, मी सांगत होतो. ती शपथ मी आत्ता मोडतोय.

काल पहाटे ऊन यायच्या आत मी शिडीने वर चढलो आणि कपॅसिटर बदलला. ओपल खाली शिडी धरून उभी होती. म्हणाली, “एकोणऐंशी वर्षांचा आहेस. पडलास तर मी झेलणार नाही, आधीच सांगते.” पहिल्या झटक्यात धक्का आला. आज दुपारी आत पारा चौऱ्याहत्तरवर आहे. काही झालंच नाही असं वाटावं इतकं गार आहे. मला त्याचीच भीती वाटते. आज पहाटे बाहेर जरा बरं होतं तेव्हा मी एसी बंद केला आणि आईचा श्वास ऐकत बसलो. एसी चालू असला की दुसरं काही ऐकू येत नाही.

आता ते सांगतो ज्यासाठी लिहायला बसलो. गेल्या चार रविवारी तू फोनवर जो आवाज ऐकलास, तो नुसता पंखा होता. चारच्या सुमारास कॉम्प्रेसर बसलेलाच असायचा. आई मांडीवर ओला टॉवेल घेऊन मासा आणि बर्फ म्हणायची आणि मी फोन वर धरायचो. तू विश्वास ठेवलास यात तुझी चूक नाही, ओपलचीही नाही. हे मी फोनवर सांगू शकणार नाही. तुझा आवाज ऐकला की माझा हात आपोआप छताकडे जाईल. हे पत्र पोचेपर्यंत आणखी एक रविवार होऊन गेलेला असेल आणि मी तेच केलेलं असेल, फक्त या वेळी तुला खरा धक्काही ऐकू आला असेल. केंटला सांग, तळघर चालेल. पडदा राहू दे. आम्हाला घेऊन जायला ये. मी नको म्हणेन, एसी आता नीट चालतोय म्हणेन, आणि ते खरंही असेल. तरी ये.

वाट बघणारा, तुझाच
डॅड