कापलेल्या चार घागरी

पुलगाव,
रविवार, दि. १० मार्च १९५७

प्रिय भाऊ श्रावण यास सप्रेम जय भीम.

ज्या गावाने आपल्या हाती कधी विहिरीचा दोर दिला नाही, त्या गावची आपण दोघं लेकरं. वरून कुणीतरी पाणी ओतायचं, आपण खाली ओंजळ धरायची आणि ओतणाऱ्याचा हात थांबला की तहान तिथेच थांबवायची. मुंबईत तू नावापुढचं ताकसांडे हे आडनाव गाळलंस. ती ओंजळ काही गाळता आली नसेल. म्हणून हे तिसरं पत्रही तुलाच लिहितो. दुसऱ्याच्या पोचपावतीवर तुझी सही आहे, तेव्हा ते मिळालं नाही असं म्हणू नकोस.

इकडे माझी लेक कांता पाचवीत आहे. स्वयंपाक तीच करते. भाकरी जाड होते, पण मी काही बोलत नाही. गाव सोडून वर्ष झालं. गिरणीत मागावर काम मिळालं आहे, त्या खडखडाटाने उजव्या कानाला कमी ऐकू येतं. रविवारी वस्तीत पोरांना वाचून दाखवतो. भाषणं मात्र बंद केली. लोक विचारतात, "काऊन गा प्रेमदासभाऊ, हिंगणीच्या बाजारात तर तुमचा आवाज बैलायच्या गळ्यातल्या घंटाबी ऐकू येऊ देत नव्हता!" मी सांगतो, घसा धरला आहे.

तुझ्या वहिनीच्या मृत्यूचा खटला वर्ध्याच्या सेशन कोर्टात उभा राहिला आहे. गावातला बंडूजी आणि आणखी दोघं आरोपी आहेत. माझ्या पंचफुलाला त्यांनी विहिरीच्या काठावरून ढकललं, हे सरकार पक्षाचं म्हणणं. ती पाय घसरून पडली, हे त्यांचं. वरच्या आळीतल्या लीलाबाईने सगळं पाहिलं होतं, पण कोर्टात ती म्हणाली, "मी तं धुणं धूत होती, मले काई दिसलं नाई." तिला त्याच गावात राहायचं आहे. मी तिला दोष देत नाही.

आणि त्यांच्या वकिलाने पुरावा म्हणून काय आणलं, ठाऊक आहे? तुझा अनुबोधपट.

आर्वीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आपण पडद्याच्या मागून पाहिला होता, आठवतं? पुढे बसायची आपली हिंमत नव्हती. अक्षरं उलटी दिसत होती, नायक डावखुरा दिसत होता, आणि तू म्हणालास, "प्रेमदासा, म्या एक दिवस पुढून दाखवीन लोकायले." तू गेलास. स्टुडिओत दिवे उचललेस, कॅमेऱ्याची पेटी वाहिलीस, मग कॅमेराच हाती घेतलास. विणकरांवर तू केलेला पहिला अनुबोधपट मी वर्ध्याला तीनदा पाहिला. त्यात कुणाला नटवलं नव्हतंस. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता तो तसाच ठेवला होतास. मी भाषणात सांगत फिरलो, की आमच्यातला एक माणूस देशाला आरसा दाखवतो आहे.

मग आपल्याच गावच्या विहिरीवर काढलेला 'सगळ्यांचं पाणी' आला. आता तुझा मोठा बोलपट सुरू झाल्याचं मासिकात वाचलं. ते काम तुला 'सगळ्यांचं पाणी'ला मिळालेल्या बक्षिसामुळे मिळालं, असंही तिथे लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात दुपारी वर्ध्याच्या टॉकीजमध्ये तो न्यायाधीशांसाठी चालवला. एवढ्या मोठ्या जागेत आम्ही सात जण. अंधार झाला, आणि पंचफुला आली. श्रावण, तिचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. तेरा महिन्यांनी मी तिला पाहिलं ते असं, भिंतीएवढी. हिरवं लुगडं, दोर ओढताना खालचा ओठ दातात धरायची तिची सवय, शेजारी दोराला हात लावणारी लीलाबाई, मागे हात जोडून उभे गावचे जमीनदार, पुंडलिकराव मालगुजार. घागर भरते. ती हसते. तुझा निवेदक सांगतो की या गावात आता भेद उरला नाही.

दिवे लागले. त्यांचा वकील उठला आणि फार सभ्यपणे म्हणाला, "मृत बाई गावच्या विहिरीवर सगळ्यांसोबत पाणी भरत होती, हे आपण डोळ्यांनी पाहिलंत. तिला कोण कशाला अडवील?"

मी ओरडायला हवं होतं. ओरडणं हाच तर माझा धंदा. पण मी गप्प बसलो, कारण त्याच्या हातातला दुसरा कागद माझा होता. पोलिसांना दिलेल्या जबाबात मीच लिहून दिलं आहे, "विहीर खुली झाली होती."

आता ते सांगतो, जे तुला अर्धं माहीत आहे.

पुंडलिकरावांच्या ओट्यावर आपण तिघं बसलो होतो. तुला चहा कपबशीत आला, मला टिनाच्या गिलासात. तू बशीकडे पाहिलंस तेव्हा पुंडलिकराव हसले, "घे गा, कॅमेऱ्यावाल्याले जात नाई." मग अटी सांगितल्या. बादली-दोर तुमचा आणा. एक घंटा घ्या. तुम्ही निंगले का आम्ही विहीर उपसून टाकू, गोमूत्र शिंपडू. "तुमचं काम होते, माया गावाचं नाव होते. मंग कोनी तिकडं फिरकाचं नाई." तू म्हणालास, "एक घंटा पुरते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "अन् तू, पुढारी? तुले मंजूर हाये?"

मी मान हलवली. मी काय काय वाचलं होतं तोवर! कायदे, क्रांत्यांचे इतिहास, देशोदेशीच्या लढ्यांच्या कहाण्या. त्यातून हिशेब मांडला, की हा एक खोटा तास पडद्यावर गेला, तर शंभर गावं तो पाहून लाजतील आणि खऱ्या विहिरी उघडतील. आणि मला माझ्या पुढच्या भाषणाला तोंड हवं होतं. तेही खरं आहे.

पंचफुलाला मी अटी सांगितल्या नाहीत. सांगितल्या असत्या तर ती आलीच नसती. "घंटाभराच्या पाण्याले मी कायले जाऊ? मी का नाचनारीन हावो?" असं म्हणाली असती. मी तिला सांगितलं, विहीर खुली झाली. तुझ्यासमोर ती विचारत होती ते आठव. "भाऊजी, भरलेली घागर परत ओतू? चांगलं पानी हाये ना!" तू म्हणालास, "ओता वैनी, ढग आलता." पाच वेळा भरवलीस, चार वेळा ओतवलीस. तुझ्यासाठी चार फुकट गेल्या असतील. तिने त्या मोजल्या होत्या. घरी येऊन मला म्हणाली, "एकडाव असतं तं म्या म्हनलं असतं चुकून झालं. पाचडाव भरलं, सारं गाव पाहून राह्यलं होतं, कोनी हूं की चूं केलं नाई. आता खरं हाये."

तुमची जीप गेली त्याच संध्याकाळी मी तिला आर्वीला माहेरी पोचवलं. तुला हे माहीत नाही, कुणालाच नाही. विहीर उपसताना तिने पाहू नये म्हणून मी तिला नेलं. ती परत आली की सांगू, हळूच सांगू, असं ठरवलं होतं. बाजारात हजार माणसांपुढे न अडखळणारा मी, तिला हे एक वाक्य सांगायला तीन दिवस शब्द शोधत होतो. चौथ्या दिवशी रात्री ती परत आली, सकाळी सांगू म्हणून मी झोपलो, आणि पहाटे मी उठायच्या आत ती घागर घेऊन निघून गेली.

बंडूजीने तिला हटकलं तेव्हा ती काय बोलली, ते लीलाबाईने मला एकदाच, कुडाआडून सांगितलं. "परवा तं तुमीच भरू देल्लं ना, भाऊ? आज काय झालं?" कुणीतरी तिची थट्टा करत आहे असं तिला वाटलं होतं. ती हसतच होती म्हणे.

पोलिसांपुढे खरं सांगायचं तर तो ओटा सांगावा लागला असता, माझी मान सांगावी लागली असती. मी लिहून दिलं, विहीर खुली झाली होती. माझी अब्रू वाचली आणि त्यांचा बचाव तयार झाला.

तू तेव्हा दोन ओळींचं सांत्वनपत्र पाठवलंस. त्यानंतर गप्प आहेस. तुझी भीती मला कळते. हे बाहेर आलं तर बोलपट जाईल, बक्षीस जाईल, 'तो खोटं चित्र काढतो' असं म्हणतील. म्हणतील, श्रावण. खरंच आहे ते. पण त्या खोट्यात तू एकटा नव्हतास, आणि ते कबूल करायलाही तुला एकटं उभं राहावं लागणार नाही.

शुक्रवार, २२ मार्चला मी पिंजऱ्यात उभा राहून माझा जबाब फिरवणार आहे. खोटा जबाब दिल्याबद्दल मला आत टाकतील, तर टाकोत. कांताला आर्वीला तिच्या मामाकडे ठेवायचं ठरलं आहे. पण बायको गेलेल्या माणसाने फिरवलेला जबाब कोण खरा मानणार? सरकारी वकील म्हणाले, त्या ओट्यावरचा तिसरा माणूस हवा. समन्स काढू म्हणतात. ते तुझ्या स्टुडिओच्या फाटकावरून परत येईल हे तुलाही ठाऊक आहे. आणि कोर्ट तर माणसापेक्षा पडद्यावर विश्वास ठेवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांना पडदाच दाखवू. कापलेला एकही तुकडा तू फेकत नाहीस, असं तूच मला सांगितलं होतंस. त्या चार तुकड्यांत ती भरलेली घागर विहिरीत परत ओतते आहे. गावात रोज पाणी भरणारी बाई असं करत नाही. जो पाहील त्याला कळेल, की तिला कुणीतरी तसं करायला सांगत होतं.

ते चार तुकडे डब्यात घाल आणि २२ तारखेला सकाळी अकराच्या आत वर्ध्याच्या सेशन कोर्टात स्वतः घेऊन ये.

खाली 'तुझा' असं लिहायची जागा कोरी ठेवली आहे.

......
प्रेमदास थूल