खळ्यावरचे घोडे

जव्हार, ता. २२ डिसेंबर १९१२
मार्गशीर्ष शुद्ध १३

चिरंजीव रघुनाथ भावोजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. नाताळच्या सुटीत घरी यावं की मुंबईतच अभ्यास करत बसावं, असं विचारलंत. मुंबईतच बसा. इकडे येऊन करणार काय? थंडी अशी पडली आहे की तुम्ही चुलीपुढून हलणार नाही, आणि मला भाकरी थापायला जागा उरायची नाही. वर तुमचं खाणं! पागेतल्या घोड्यांना दोन वेळची चंदी पुरते, तुम्हाला चार वेळा लागते.

तुमच्या दादांची प्रकृती उत्तम आहे. कामात बुडालेले असतात, म्हणून पत्र मीच लिहिते आहे. पाटी पुढ्यात ठेवून अक्षरं तुम्हीच शिकवलीत मला, आता भोगा.

पागेची बातमी अशी. साहेबलोक नाताळात शिकारीसाठी मोखाड्याला उतरले आहेत. चांगले चांगले घोडे आणि सगळे मोतद्दार तिकडे गेले. मागे राहिली मैना घोडी, कबूतर घोडा आणि आणखी चार जनावरं, आणि त्यांना बघायला म्हातारा नवसू मोतद्दार. संस्थानच्या कारभारीसाहेबांचा हुकूम आहे की केव्हाही बोलावणं येईल, घोडे तयार ठेवा, चंदी पुरी द्या. तेव्हा घोडे जागेवर उभे राहून हरभरे खातात नि एकमेकांना चावतात. दरसाल या दिवसांत आपण त्यांना साखरशेत गावच्या रिकाम्या शेतांत मोकळं सोडतो, ते यंदा जमलं नाही. साहेबांचे तंबू वाहायला गावोगावचे बैल वेठीला नेले, म्हणून नागलीची मळणी अडून राहिली. खळं उठल्याशिवाय शेतात जनावर सोडायचं नाही, हा तिथला नेम. त्यांचंही बरोबरच आहे.

आता दोन शंका. मास्तरांना विचारून कळवा. परवा नवसूनं मैनेला पाण्यावर नेलं, तर वाटेतच तिचे मागचे पाय लाकडासारखे आखडले. घाम फुटला, पाऊल उचलेना. तिथेच घोंगडी घालून उभी ठेवली, संध्याकाळी कशीबशी परत आणली. हे कशानं होतं?

दुसरी शंका आपली सहज. माणसाची नडगी मोडली नि हाड वाकडं धरलं, तर पुढे रिकिबीत पाय घालता येतो का? शेजारच्या एकांना हवं आहे.

रात्री कान बांधून निजा. तिकडे थंडी नाही असं म्हणू नका.

तुमची वहिनी,
गोजाबाई


जव्हार, ता. २ जानेवारी १९१३
मार्गशीर्ष वद्य १०

चिरंजीव भावोजी यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र उलट टपाली आलं. मैनेविषयी पानंच्या पानं, आणि तळाशी एकच ओळ: 'वहिनी, शेजारचे एक म्हणजे कोण?' तुम्हाला जनावरांच्या डॉक्टरीला घातलं ते चुकलंच, पोलिसात घालायला हवं होतं.

सांगते. तुमच्या दादांचा पाय मोडला आहे. तुम्ही दिवाळी करून गेलात नि त्याच आठवड्यात मोडला. घोड्यावरून पडले असते तर साऱ्या जव्हारला ऐकवलं असतं त्यांनी. पण पडले पेंढ्याच्या माळ्यावरच्या शिडीवरून! पागेचा दारोगा शिडीवरून पडला हे कुणाला कळता कामा नये, असं म्हणाले. कारभाऱ्यांना नको, कारण नोकरी जाईल. तुम्हाला तर नकोच, कारण एप्रिलातली परीक्षा टाकून तुम्ही धावत याल. मला शपथ घातली. मोतद्दारांना सगळं ठाऊक होतं, पण दादांवर त्यांचा जीव, कुणी तोंड उघडलं नाही. कचेरीत ताप आहे म्हणून कळवलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. हाड धरलं, पण वाकडं. अंथरुणात पडून खिडकीतून पागेकडे बघतात आणि नवसूला हुकूम सोडतात. नवसूला ऐकू कमी येतं, म्हणून हुकूम मीच पोचवते. खरं तर दिवाळीपासून पागा मीच बघते आहे.

'उभ्या उभ्या पुरी चंदी खाल्ली की पाय आखडतात. चंदी निम्मी करा आणि रोज चालवा,' असं तुम्ही लिहिलंत. चंदी त्याच संध्याकाळी निम्मी केली, कारभाऱ्यांचा हुकूम राहिला बाजूला. पण इतक्या जनावरांना चालवणार कोण? अशात साखरशेतची चैती पागेला गवताचा भारा घेऊन आली. उंबऱ्याशी बसली नि म्हणाली, "बाय, आमचं बैल गेलं साहेबाचं तंबू वाहाया. नागली खळ्यावर पडून हाय. तुझं घोडं तं नुसतं उभं ऱ्हाऊन खातं. दे ना बैलाच्या जागी."

मी हसले. ती हसली नाही. दाणा खळ्यावर पडलेला आणि घरात पोरांना भाकरीला पीठ नाही, असं तिचं चाललं होतं. मग मलाही हसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दादांना म्हटलं, घोडे साखरशेतला नेते. खोटं नव्हतं ते. नवसू पुढे, मी मागून तट्टावर. हो, तट्टावर बसून. काष्टा घट्ट मारला आणि बसले. हसू नका.

भावोजी, तुम्ही बघायला हवं होतंत. खळ्याच्या मधल्या मेढीच्या खांबाला दोर लावून सगळ्यांची पात धरली नि कणसांवरून गोल फिरवली. धान्याला तोंड लावू नये म्हणून बैलांच्या मुसक्या त्यांना बांधल्या. कबुतरानं माझ्याकडे असं पाहिलं की मान खाली घालावी लागली. मैनेला आतल्या बाजूला ठेवलं, म्हणजे तिला फेरा लहान. आधी पाय ओढत होती, मग हळूहळू मोकळी झाली. पोरं लीद झेलायला टोपल्या घेऊन मागून धावत होती. गावातल्या बाया हसून हसून खाली बसल्या. तिसऱ्या दिवशी शेवटचं खळं उठलं, चैतीनं देवाचा वाटा काढून ठेवला आणि म्हणाली, "आथा सोड तुझी जनावरं." सोडली. मैना शेतात आडवी पडून लोळली, चारी पाय वर! मागचे दोन्हीसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी चैतीला मिठी मारली.

आणि नेमके तेव्हाच कारभारी आले. मोखाड्याहून परतताना कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून वाट वाकडी करून आले. मुसक्या अजून कबुतराच्या तोंडाला होत्या.

"हे दरबारचे घोडे आहेत की कुणब्याचे बैल?"

परक्या पुरुषाशी मी जन्मात बोलले नव्हते. पदर सारखा केला नि म्हटलं, "घोडेच आहेत. बैल आपण नेलेत."

नवसूनं डोळे मिटून घेतले. एवढं मात्र बरं ऐकू आलं त्याला.

कारभारी खाली उतरले. मैनेच्या पाठीवरून, मांडीवरून हात फिरवला. मग विचारलं, "दारोगा कुठे आहेत?" ताप म्हणून सांगता आलं असतं. पण माणूस चढ्या आवाजात बोलत नव्हता, आणि माझाही खोटं बोलून जीव विटला होता. सगळं सांगितलं, शिडीसकट.

ते म्हणाले, "वाईट झालं. पण ज्याला घोड्यावर बसता येत नाही त्याला पागेवर ठेवता येत नाही. दिराला लिहा. जानेवारीअखेर हजर झाला तर जागा तुमच्या घरात राहील. नाहीतर दुसरा नेमावा लागेल."

घरी येऊन दादांना सांगितलं. आधी खळ्यावरून भडकले. "माझे घोडे? मुसक्या बांधून?" मग भिंतीकडे तोंड फिरवलं. मग विचारलं, "मैना लंगडली नाही ना?" नाही म्हटलं. मग म्हणाले, "रघूला लिही. ये म्हणावं." आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. आत रडत होते, भावोजी. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तर लिहिते. तुमच्या दादांची आज्ञा आहे की शिक्षण सोडून निघून यावं. झालं, आज्ञा पाळली.

आता माझं ऐका. येऊ नका.

काल मी कारभाऱ्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी आत बसा म्हणत होत्या, मी ओटीवरच उभी राहिले. म्हटलं, दीर एप्रिलात परीक्षा देईल नि मग येईल, तोवर पागा मी बघते. ते म्हणाले, "बाईमाणूस पागेवर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "दिवाळीपासून मीच आहे, लोकांना कळलंसुद्धा नाही." त्यावर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शेवटी म्हणाले, "एप्रिलपर्यंत नाव दारोगांचंच राहील. पण एक जरी घोडं बिघडलं तर मला थांबता येणार नाही."

मला भीती वाटते, हे तुमच्यापासून लपवत नाही. उद्या मोखाड्याचे घोडे येतील, थकलेले, पाठी सोललेले. कुठल्या जखमेला काय लावायचं ते सविस्तर लिहा, सोप्या मराठीत.

आज सकाळी घोडे सोडत होते तर खिडकीतून हाक आली, "कबुतराला शेवटी सोड गं, तो बाकीच्यांना पळवतो." आजवर हुकूम नवसूला असायचे, मी नुसती सांगणारी. आजचा मला होता. मी 'बरं' म्हटलं आणि कबुतराच्या मानेत तोंड खुपसून रडून घेतलं.

हे पत्र त्यांना वाचून दाखवूनच टपालात टाकणार आहे. रागावतील तर रागावोत, तूर्त उठून अंगावर येता येत नाही त्यांना. तुम्ही नऊ वर्षांचे होतात तेव्हा मी या घरात आले. मला मूल झालं नाही, पण त्याचं दुःख मी फारसं केलं नाही, कारण तुम्ही होतात. तेव्हा दिराला नाही, पोराला सांगते आहे. परीक्षा द्या, पास व्हा, आणि मग या. त्याआधी आलात तर दार मीच लावून घेईन.

तुमची वहिनी,
गोजाबाई,
तूर्त पागेवर, मुक्काम जव्हार