उभं राहून करायचं भाषण

१७ जानेवारी १९५०
ऑपरेशन झालं. कसलं ते लिहीत नाही; आजार सभ्य नव्हे. मणक्यात सुई देऊन कमरेखाली बधिर केलं. मी हूं की चूं केलं नाही. आमची सौ. तारामती म्हणते, व्हरांड्यात ऐकू आलं. बायकांचे कान!
सव्वीसला आमच्या गौलीगुडा मोहल्ल्याच्या वाचनालयात झेंडावंदन. भाषण माझं. नंतर लगेच अध्यक्षाची निवड. भाषण ऐकल्यावर दुसरं नाव कोण काढणार?

१९ जानेवारी
उठून बसलो की डोकं फुटतं. आडवा झालो की गायब. डॉक्टर म्हणाले, सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं. "वकीलसाब, तकिया निकालो, चित पडे रहो, पानी-कॉफी पियो. सुराख अपने आप भरता." मी हरकत घेतली: मग चादर कोरडी कशी? नुसते हसले. हरकत मंजूर धरली.

२१ जानेवारी
टांग्यातून आडवा घरी आलो. शेजारच्या दोघी रडतच धावल्या. गैरसमज दूर केला.
आडवं असताना दुखत नाही, अर्थात मुळात दुखतच नाही. उद्यापासून उभ्याने सराव.

२२ जानेवारी
सराव केला. "बंधू-भगिनींनो"पर्यंत पोचलो.

२३ जानेवारी
सराव आडव्यानेच. आवाज छताला लागून खणखणीत येतो. तारामती म्हणाली, "अहो, पाठ झालं मला. आता भात लावू का?" श्रोता म्हणून कच्ची.

२५ जानेवारी
वाचनालयाचे चिटणीस हणमंतराव आले. "तुम्ही पडा हो निवांत, मी बोलतो." ओळखून आहे! उद्या ठणठणीत उभा राहीन, असं बजावलं. पडल्या पडल्या बजावल्यामुळे वजन पडलं नसावं.

२६ जानेवारी, संध्याकाळ
राष्ट्रगीताला शेवटपर्यंत उभा होतो. हे कुणी विसरू नये. मग "बंधू-भगिनींनो" म्हणालो आणि सतरंजीवर आडवा झालो. पुढचं भाषण तारामतीने म्हटलं. माझी प्रस्तावना, श्लोक आणि माझा जीवनपट गाळून. मी खालून आठवण केली, तर हळूच म्हणाली, "गप पडा." टाळ्या थांबेनात. हणमंतरावांनी अध्यक्ष म्हणून तिचंच नाव सुचवलं. मी कपाळ दाबायला हात वर नेला. ते अनुमोदन धरलं गेलं.

२७ जानेवारी
उठून बसलो. दुखेना. उभा राहिलो. दुखेना. घरभर फिरलो. डोकं साफ उतरलं.
तेवढ्यात अध्यक्षीणबाई पदर खोचत आल्या. मी पटकन आडवा. म्हणाली, "मी वाचनालयात जाते. पडून राहा. डोकं थांबलं असेल तर भात तेवढा उतरवा."
दुखतंय, असं सांगितलं.
भात करपल्याचा वास येतोय.