झऱ्याच्या पाण्यातलं वरण

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि तुमची सून आज पत्र लिहायला बसली! काय करू, दुसऱ्या गावच्या बागेतल्या तुमच्या त्या झऱ्यावर एसटीने जाऊन आले. आल्या आल्या त्या पाण्यात तुरीची डाळ लावली. आठ शिट्ट्या झाल्या, दाणा अजून टणकच. मग राहवलं नाही.

आठवतं, शेवटच्या आजारपणात तुम्ही हट्ट धरला होता? "सुमन, झऱ्याचं पाणी आण वं मले. त्यानंच बरं वाटते."

सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस. मी वावरातून येईपर्यंत एसटी निघून गेली. मग काय केलं? आपल्याच विहिरीवर कॅन भरली आणि तुमच्या उशाशी आणून ठेवली. तापाने तुमच्या तोंडाची चव गेली होती. म्हटलं, काय कळणार!

घोटभर प्यायलात आणि म्हणालात, "याच पाण्याचं वरण कर आज."

केलं. डाळ अगदी लोण्यासारखी शिजली. तुम्ही ती बोटाने चेपून पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि दोन वाट्या संपवल्यात. "झऱ्याचंच हाय," म्हणालात. वर माझे हात हातात घेतलेत. "सोंगून सोंगून पाह्य कसे झाले. बस जराशी." मी मनात म्हटलं, सुटले बाई!

आज कॅन भरताना तिथल्या एका म्हातारीला कौतुकाने सांगितलं, आमच्या आत्याबाईंनी या पाण्याचं वरण दोन वाट्या खाल्लं होतं. ती हसायलाच लागली. "काहून मजाक करून राह्यली वं माय? या पाण्यात कुठी डाळ शिजते? आमी तं डाळ टाकूनच पाह्यतो, पाणी खरं हाय का नाही."

मग तुम्ही त्या दिवशी डाळ बोटाने चेपून पाहिलीत, ते आठवलं.

अहो, मीठ जास्त पडलं तर गल्लीभर ऐकू जाईल असं बोलायचात तुम्ही! त्याच दिवशी गप्प का बसलात? दोन शब्द सुनावले असते तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेले असते ना! तुम्हाला खरं पाणी मिळालंच नाही. फार वाईट वाटतं त्याचं.

शेजारच्या गोदामावशींचे गुडघे आता धरलेत. दर सोमवारी त्यांनाही झऱ्याचं पाणी आणून द्यायचं कबूल केलंय. तुम्हाला शब्द देते, एसटी चुकली तर रिकामी कॅन घेऊन परत येईन आणि चुकली म्हणून सांगेन.

आजचं पाणी तुमच्या फोटोपुढे ठेवलंय. डाळ लावून पाहिलीय, आत्याबाई. झऱ्याचंच आहे.

तुमची सून,
सुमन
मेडशी